घोरपड म्हणा

सुजाता गेली हे मला कळायच्या आधी ती कशानं गेली हे मध्य प्रदेशातल्या आमच्या अर्ध्या बालाघाट गावाला कळलेलं होतं. दुपारी प्रभाकरचा फोन आला. प्रभाकर माझा धाकटा भाऊ, सुजाता त्याची बायको. "ताई, तू ये…" एवढंच म्हणून त्यानं फोन ठेवला. मी तशीच पायात चपला सरकवून ऑटो बघायला कोपऱ्यावर आले, तर औषधाच्या दुकानातला माणूस काउंटरवरून वाकून विचारतो, "अम्मा, सुना है भाभी को बिसखोपडा ने काट लिया?" घ्या! माझी भावजय अजून नीट जमिनीवर निजवलीही नसेल, आणि हे इथं गोळ्या विकता विकता तिच्या मरणाचं कारण वाटून राहिले होते. मी समोर आलेल्या ऑटोत चढले. तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं असतं ते छापण्यासारखं नव्हतं.

लालबर्रा रोडवर त्यांचं शेत आहे आणि शेतातच घर. शेताच्या कोपऱ्यात एक मोठं वारूळ आहे. त्या वारुळासमोर, आपल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर, सुजाता उन्हात बसलेली सापडली. मान छातीवर, चष्मा मांडीवर. प्रभाकरला वाटलं, डुलकी लागली. त्यानं चहा आणून खाली ठेवला, हाक मारली, परत हाक मारली… डॉक्टर येऊन गेले, हृदय बंद पडलं म्हणाले. मी सगळी नोकरी भरवेलीच्या खाणकामगारांच्या वस्तीत नर्स म्हणून काढली आहे. तिला शेवटची आंघोळ मी घातली. टाळूपासून टाचेपर्यंत तिचं अंग मी बघितलं. कुठं दात नाही, कुठं ओरखडा नाही. डाव्या अंगठ्यावर एक जुना, पांढरा पडलेला व्रण होता, त्याची गोष्ट पुढं सांगते. दर्शनाला आलेल्या कोणा बाईनं तो व्रण बघितला, शेजारणीला कोपरानं ढोसलं, आणि आधीच उठलेल्या आवईवर शिक्का बसला! अहो, ऐन थंडीचे दिवस होते. त्या थंडीत घोरपड, म्हणजे हे लोक जिला बिसखोपडा म्हणतात ती, बिळातून नाकसुद्धा बाहेर काढत नाही. चावायला ती काय सुजाताच्या स्वप्नात आली होती? हे मी त्या दिवशी बोलले, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात उभी राहून बोलले, आणि आता लिहूनही देते आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना वाचता तरी येईल.

सुजाता भंडाऱ्याकडची. लग्न होऊन आली तेव्हा प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झालेली होती, झूलॉजीत. आमची आई ते नाव ऐकून म्हणाली, "झुलाजी म्हनजे काय, लेकरं झुलवाचं शिक्षन हाय का वो?" सुजाता न हसता म्हणाली, "हौ आई, पन लेकरं सरड्याची हायेत." आई बिचारी दोन्ही हात गालावर ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मी स्वयंपाकघरात जाऊन पदर तोंडात कोंबून हसले. नणंद-भावजय म्हणून आमचं जे काही भांडण व्हायचं होतं ते त्या एका वाक्यानं मिटलं. मी तिच्यापेक्षा मोठी, म्हणून ती मला शेवटपर्यंत 'तुमी' म्हणाली, आणि मला बोलायचं ते सगळं 'तुमी' म्हणूनच बोलली. एका खासगी कॉलेजात ती शिकवायला लागली. आवाज कधी चढवला नाही. पण एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही, आणि लोकांना तेच जास्त झोंबायचं.

पहिली घोरपड तिच्या घरी आली ती पोत्यातून. शिकारी लोक घोरपड धरतात आणि तिचे पाय पाठीवर उलटे बांधून ठेवतात, म्हणजे ती जिवंत राहते आणि पळत नाही. मांस खातात, चरबीचं तेल काढून गुडघेदुखीवर विकतात. हे सगळं कायद्यानं बंद आहे, पण बंद आहे म्हणून थांबलं आहे असं नाही. वनखात्याच्या लोकांनी अशी एक घोरपड पकडून आणली, तिची कंबर मोडलेली, ठेवायची कुठं हा प्रश्न. कोणीतरी कॉलेजातल्या मॅडमचं नाव सांगितलं. त्यातून पुढं रीतसर परवानगी झाली, कॉलेजचा प्रकल्प झाला. ज्या बऱ्या व्हायच्या त्या जंगलात परत जायच्या, ज्यांना जंगलात जगणं शक्य नव्हतं त्या सुजाताकडे राहायच्या. बघायला येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारायचा, "मॅडम, यो बिसखोपडाच ना?" आणि सुजाता प्रत्येकाला तेच सांगायची, "घोरपड. घोरपड म्हना." मास्तरला, पोस्टमनला, जिल्ह्याच्या साहेबालासुद्धा. समोरचा माणूस नीट म्हणेपर्यंत ती पुढचं बोलायचीच नाही.

बाहेरच्या वाचकांना हे सांगायला हवं, कारण आमच्याकडे ते आईच्या दुधाबरोबर मिळतं. आमच्या भागात लोक दोन प्राणी मानतात. एक घोरपड, जी खातात. दुसरा बिसखोपडा, ज्याचं नाव निघालं तरी माणसं पाय वर घेतात. तो लहान असतो, अंगावर पिवळे ठिपके असतात, आणि म्हणे नागापेक्षा विषारी. चावला की आधी पाणी कोण गाठतं ते बघायचं. माणूस आधी पोचला तर बिसखोपडा मरतो, बिसखोपडा आधी पोचला तर माणूस. हसू नका. भरवेलीला असताना आमच्या दवाखान्यात एकदा एक गडी आणला होता, नखशिखांत चिंब भिजलेला. पायाशी काहीतरी सळसळलं म्हणून तो सायकल टाकून थेट नालीत उडी मारून मोकळा झाला होता. चावलं काहीच नव्हतं. घोटा मात्र चांगलाच मोडला होता. प्लास्टर बांधून देत होते तर तो मला विचारतो, "बाई, मी जितलो ना?" हे मी सुजाताला सांगितलं तर ती पोट धरून हसली, मग चष्मा काढून पुसला. म्हणाली, "ताई, हसून राह्यलो आपन, पन ह्याच भेवानं लोक पिल्लू दिसलं का ठेचते. मोठी खाल्ली, लहान ठेचली, मंग उरलं काय?"

तिचा निडरपणा बघायचा तर लालबर्राच्या बाजारात बघायला हवा होता. तिथं एक जडीबुटीवाला 'हत्ताजोडी' विकायला बसायचा. दोन हात जोडल्यासारखी दिसणारी सुकलेली मुळी, तिजोरीत ठेवली की लक्ष्मी घर सोडत नाही म्हणे. चांगली शिकली-सवरलेली माणसं घेऊन जायची आणि तिला शेंदूर लावून पुजायची. सुजाता त्याच्यासमोर उकिडवी बसली, एक उचलली, उलटसुलट बघितली आणि वर्गात शिकवावं तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "भैया, ये जड़ी नहीं है. ये नर गोह का लिंग है, सुखाया हुआ." गोह म्हणजे घोरपडच. माझ्या शेजारी एक गृहस्थ नुकतीच घेतलेली पुडी खिशात घालत होते. त्यांचा हात खिशातच राहिला. मी नर्स, मला कसली आलीय लाज, पण मीसुद्धा भाजीच्या पिशवीत तोंड घातलं. परत येताना म्हटलं, "अवो, जरा हळू बोलाचं होतं." तर म्हणते, "काहून? त्यायनं काय हळू कापलं होतं?" पुढच्या बाजारात तो माणूस बसला नाही.

आता तो अंगठा. एका मोठ्या मादीची जखम साफ करताना ती चावली. घोरपड चावली की सोडत नाही, दात मागं वळलेले असतात. सुजाता ऑटोनं माझ्याकडे आली, ओढणीत हात गुंडाळलेला, ओढणी लाल. मी धुवून टाके घातले, तर रक्त काही थांबेना. मी काळजीत, आणि ही बाई डोळे चमकवून म्हणते, "ताई, पाह्यलं का तुमी? एवढीशी जखम आन् रक्त थांबून नाही राह्यलं. कायतरी हाय हिच्या लाळंत." अंगठा सुजला, ठणकला, दोन-चार दिवसांत उतरला. तोवर ती वर्गात शिकवत आली होती की घोरपड पूर्ण बिनविषारी. त्यानंतर काही काळानं संशोधकांचं म्हणणं तिच्या वाचनात आलं, की घोरपडीच्या कुळात जबड्यात विषाच्या ग्रंथी असतात, विष सौम्य, भक्ष्याचं रक्त गोठू न देणारं. यावर अजून वाद आहे म्हणतात. पण सुजातानं दुसऱ्याच दिवशी वर्गात उभं राहून सांगितलं, "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. थोडं विष असावं." बस्स! गावाला काय, हवंच होतं. चहाच्या टपऱ्यांवर विजयोत्सव. "पाहा, आमी म्हनत होतो का नाही!" प्रभाकरसुद्धा वैतागला, "तुले कोनी विचारलं होतं का? गप राहाता नव्हतं येत?" ती म्हणाली, "खरं हाय ते सांगतलं. मानूस मराले ते विष पुरत नाही. टपरीवरचे जे बोलते ना, त्यायच्या जिभेत याच्याहून जास्त हाय." मला माझ्या भावजयीचा सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो त्या दिवशी. आपल्या बाजूला अडचणीचं असलेलं खरं बोलायला फार मोठं काळीज लागतं.

तिचं खरं वेड मात्र वेगळंच होतं. जंगलात जाऊ न शकणाऱ्या घोरपडींची पिल्लं तरी जंगलात जावीत, असं तिच्या मनानं घेतलं. परवानगी मिळाली, नर-मादी जमले, मादीच्या पोटात अंडी धरली. आणि घोडं अडलं ते अंडी घालण्याच्या जागेवर. सुजातानं नदीची वाळू आणून, चाळून, सुंदर मऊ पेटी तयार केली होती. मादी खणायची, वाळू कोसळायची, परत खणायची, परत कोसळायची. मग ती नुसतीच पिंजऱ्याच्या कडेकडेनं फिरत राहायची. ड्रममध्ये ओली माती घालून झाली, माठ आडवा पुरून झाला, भुसा झाला. तिनं कशातच अंडी घातली नाहीत. शेवटी अंडी पोटात अडकून ती मेली. सुजातानं तिला उघडून बघितलं, अंडी मोजली नाहीत, तशीच शिवली आणि पेरूच्या झाडाखाली पुरली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. "माह्यानं मेली ताई ते. मी तिले जागा देऊ शकली नाही," एवढंच परत परत म्हणत होती. मी तिला सांगितलं, बाळंतपणं मी पुष्कळ केलीत. चार माणसं तोंडाकडे बघत उभी असली की बाईच्या कळासुद्धा थांबतात. "तू दिवसभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसते. तिले आडोसा पाह्यजे, आन् भिंत पाह्यजे जे पडनार नाही." ती ताडकन उठली. मग म्हणाली, "वारूळ."

जंगलात घोरपड वारूळ पोखरून त्यात अंडी घालते, हे तिला पुस्तकातून माहीत होतंच. पण पिंजऱ्यात वारूळ आणायचं कसं? तर या नवरा-बायकोनं ट्रॅक्टरची ट्रॉली आणली, मजूर लावले आणि ओढ्याकाठचं एक वारूळ बुडापासून उचलायला गेले. आम्ही बौद्ध, आमच्या घरात वारूळ पुजत नाहीत, त्यामुळे दोघांच्याही ध्यानात आलं नाही की त्या वारुळावर दर नागपंचमीला बायका लाह्या वाहतात. सगळ्यात पुढं धावत आली ती शेजारच्या शेतातली गौराबाई. ही पवनीकडून आलेल्या शेतकरी घरातली, आवाज असा की बांधावरून हाक मारली तर रोडवरची बस थांबावी. "वो मॅडम! नागोबाचं घर उचलून राह्यल्या तुमी? पाप फेडाले कोठी जाल?" तोवर वारुळाचा वरचा भाग ट्रॉलीत ठेवलाही होता, आणि घरी पोचेपर्यंत त्याची माती झाली होती. वाळवी आत नसली तर वारूळ म्हणजे नुसतं ढेकूळ. सुजाता दुसऱ्या दिवशी स्वतः गौराबाईकडे गेली, चुकलं म्हणाली. उरलेल्या वारुळाला परत कधी हात लावला नाही. गौराबाई रुसली, मग बोलली, मग तिच्या हातचे वडे घेऊन घरीच यायला लागली.

मग सुजातानं उलटा विचार केला. वारूळ पिंजऱ्यात येत नाही ना, मग पिंजराच वारुळापाशी न्यायचा. त्यांच्याच शेताच्या कोपऱ्यात एक जितं, आत वाळवी असलेलं वारूळ होतं, प्रभाकर ते दरवर्षी नांगर वळवून सोडून द्यायचा. त्याच्याभोवती जमिनीत खोलवर पत्रे गाडले, वरून जाळी घातली, सावलीला पळसाच्या फांद्या. आणि सुजातानं आपली लाल खुर्ची पत्र्याच्या बाहेर, चिंचेआड ठेवली, मादीला दिसणार नाही अशी. भादव्यात, सुजाता आणि गौराबाई चिंचेआडून बघत असताना, एका मादीनं वारुळाच्या कुशीत भोक पाडलं, आत शिरली, पुष्कळ वेळानं बाहेर आली, माती दाबून तोंड बुजवलं. नंतर वाळवीनं आपलं काम केलं. पाडलेली भिंत वाळवी पुन्हा लिंपून घेते. अंडी आतल्या आत बंद, ऊब आणि ओल सारखी. सुजाता मला हे सांगताना म्हणाली, "ताई, वाळवीले मालूम बी नाही का आपन कोनाचं बाळंतपन करून राह्यलो." हिवाळा गेला, उन्हाळा आला. सगळे विसरलो होतो, ती सोडून.

पिल्लं निघाली त्या सकाळी मी तिथंच होते. वारुळाच्या अंगाला एक भोक, भोकातून बोटाएवढं तोंड. मग एक, मागून दुसरं… काळ्या अंगावर पिवळे ठिपके, अगदी नवीन लुगड्यासारखे. गौराबाई वडे घेऊन आली होती. तिनं बघितलं, डबा टाकला आणि किंचाळली, "बिसखोपडा! मायबाई, बिसखोपडा निंघाला!" सुजातानं तिचा हात धरला. "नीट पाहा गौराबाई. तुमच्यासमोर घोरपडीनं अंडे टाकले होते का नाही? त्याच अंड्यातून निंघाले हे. हे घोरपडीचे लेकरं होत. मोठे झाले का ठिपके फिके पडते. बिसखोपडा नावाचं कोनी नाही." गौराबाई कितीतरी वेळ जाळीला नाक लावून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हनजे मायले आपन खातो आन् लेकराले भेतो? ह्या तं गंमतच झाली बाप्पा." कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवून जे झालं नव्हतं ते गौराबाईनं लालबर्रापर्यंत सांगत नेलं.

त्या पावसाळ्यात नागपंचमीला गौराबाई ताट घेऊन सुजाताच्या फाटकात आली. हळद, कुंकू, लाह्या. म्हणाली, ह्या वारुळाले बी लावतो, म्हणजे कोणी वाकडा डोळा करून पाहणार नाही. सुजातानं तिला आत बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "तुमच्या ओढ्यावरचं वारूळ तुमचं, त्याले मी हात नाही लावत. ह्याले तुमी कुंकू नका लावू. कुंकवानं वाचलं तं लोक म्हनतीन नागोबानं वाचवलं. मले लोकायनं घोरपडीले घोरपड म्हनून वाचवाले पाह्यजे." गौराबाईला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. ताट घेऊन परत गेली, आणि वडे मात्र पुढच्या आठवड्यात परत आले.

घरात एकच माणूस सुजाताला शेवटपर्यंत सुधारता आला नाही, तो म्हणजे माझा भाऊ. पत्रे त्यानं गाडले, जाळी त्यानं बांधली, उंदीर-अंडी खाऊ घालायचा तो. पण तोंडात शब्द एकच. "चाललो तुह्या बिसखोपड्यायले पानी द्याले." ती म्हणायची, "घोरपड म्हना." तो म्हणायचा, "हौ हौ, बिसखोपडा." लग्नाला एवढी वर्षं झाली, रोज सकाळी हेच. मी एकदा चिडून विचारलं, "काहून छळतो रे तिले?" तर म्हणतो, "नीट म्हनलं तं थे माह्याशी बोलनं बंद करन ना. माह्याशी बोलाले तिच्याजवळ दुसरं हायच काय, सगळं तं त्यायच्याशीच बोलते." आणि ती बाजूला उभी राहून हसत होती. नवरा-बायकोचं हे असंच.

माझी तिची शेवटची भेट थंडीतच झाली. यंदाही भादव्यात मादीनं वारुळात अंडी घातली होती. सुजाता लाल खुर्चीवर, गुडघ्यांवर शाल. मी म्हटलं, ओट्यावर बस, घरात बस, इथं काय दिसतं? म्हणाली, "काई नाही दिसत. म्हनून तं बसतो." मग बोलता बोलता म्हणाली की घोरपडीचं अंडं जसं ठेवलं तसंच राहिलं पाहिजे, जरा उलटलं तरी आतलं पिल्लू मरतं. "मोठ्या घोरपडीले उचलून कोठीबी नेता येते ताई. ह्यायले नाही नेता येत. उन्हाळ्यापर्यंत कोनी हात लावाले नाही पाह्यजे." हे ती मला काही सोपवत नव्हती, सहज बोलत होती. पण मी ते धरून ठेवलं.

आणि तीच वेळ आली. तिच्या शेताला लागून आता प्लॉट पडले आहेत, नवी वस्ती झाली आहे. पुण्यानुमोदन आटोपलं, आईच्या मयताला आलेला त्यांचा मुलगा नागपूरला परत गेला, आणि वस्तीतले लोक प्रभाकरकडे आले. भाऊसाहेब, वहिनी गेल्या, वाईट झालं, पण आमच्या घरात लेकरंबाळं आहेत, आज त्यांना चावलं, उद्या आमच्या. ते वारूळ खणून जाळून टाका, जेसीबीचा खर्च आम्ही करतो. प्रभाकरमध्ये तेव्हा नाही म्हणायचं बळ नव्हतं. मला फोनवर म्हणाला, "नेऊ दे ताई. आता कोनासाठी ठेवाचं?" मी म्हटलं, "मी येऊन राह्यली. तोवर तोंड उघडू नको." वनखात्यात फोन केला. साहेब दौऱ्यावर, माणूस पाठवतो, उद्या. जेसीबी मात्र आजच फाटकात उभा.

मी पोचले तेव्हा वीस-पंचवीस माणसं जमली होती, आणि चिंचेखाली गौराबाई उभी. हातात ताट. तिनं मला बाजूला ओढलं. "ताई, मॅडम आता पाहाले नाही हाये. दोन बोटं कुंकू लावून देतो, वरून एक लाल कापड. ह्यायच्यातला एक बी मानूस फावडं उचलनार नाही, जेसीबीवाला तं पयले पाया पडन." आणि ते शंभर टक्के खरं होतं! मी त्या गर्दीतल्या चेहऱ्यांकडे बघितलं. सगळे वारूळ पुजणारे. एवढंसं लाल दिसलं असतं की हात जोडून घरी गेले असते. अंडी वाचली असती. माझा हात ताटाकडे गेलाही होता… आणि मला ती आठवली, टपऱ्यांवर विजयोत्सव चालू असताना वर्गात उभी राहून "मी चुकीचं शिकवलं" म्हणणारी. हे वारूळ कुंकवानं वाचवायचं तर तिचं सगळं आयुष्य आपल्या हातानं पुसून टाकायचं. आणि ती बिसखोपड्यानं मेली हेही कबूल करून टाकायचं. मी म्हटलं, "नाही गौराबाई." ती म्हणाली, "मंग मी काय करू वो?" "बस माह्यासंगं." मी लाल खुर्ची उचलली, पत्र्याच्या आत नेली, वारुळाला पाठ लावून बसले. गौराबाईनं ताट चिंचेखाली ठेवलं, लुगडं सावरलं आणि माझ्या पायाशी फतकल मारली.

मी लोकांना जे सांगायचं ते सांगितलं, शिव्या वगळून इथं पहिल्या दोन परिच्छेदांत लिहिलं आहेच. कोणी ऐकलं नाही. एक जण म्हणाला, "बाई, तुमचं वय झालं, उठा." मी म्हटलं, "वय झालं म्हनूनच उठत नाही, गुडघे दुखतेत. तेल नको आनू घोरपडीचं." जेसीबीचा चालक, कोणी बाहेरगावचा तरुण माणूस, मशीन पुढं घेऊन आला. इंजिनाचा आवाज कानात भरला. प्रभाकर ओट्यावरून उठला. मला वाटलं, मला उठवायला येतोय. तो आला, मशीन आणि आमच्यामध्ये उभा राहिला. चालकानं खाली वाकून, अदबीनंच विचारलं, "काका, बिसखोपडा का बिल यही है ना?"

प्रभाकरनं त्याच्याकडे बघितलं. मशीनच्या पुढच्या फावड्यावर हात ठेवला. 

"घोरपड," तो म्हणाला. "घोरपड बोलो."

चालकाला कळेना. "जी?"

"घोरपड. पहले बोलो, बाद में आगे बात करेंगे."

मी नर्स आहे, सुजाताला आंघोळ घालतानाही रडले नव्हते. तेव्हा मात्र मी गौराबाईचा खांदा धरून रडले, मोठ्यानं, त्या सगळ्या गर्दीसमोर, आणि मला त्याची काडीची लाज नाही. चालक खरोखर म्हणाला, "घोरपड." मग इंजिन बंद केलं, मालकाला फोन लावला, आणि बुढे लोगों के ऊपर मुझसे नहीं चलेगा, असं म्हणून मशीन मागं घेतलं. माणसं कुरकुरत पांगली. दुसऱ्या दिवशी वनखात्याचा माणूस आला, पाहून गेला, पिल्लं निघेपर्यंत कोणी हात लावायचा नाही असं वस्तीला बजावून गेला. उन्हाळ्यानंतर काय, ते त्याला सांगता आलं नाही. बघू. तेव्हाचं भांडण तेव्हा.

खुर्ची आता पत्र्याच्या बाहेर, चिंचेआड, तिच्या जागी परत आली आहे. प्रभाकर सकाळी उन्हात तिच्यावर बसतो. समोर दिसत काहीच नाही, नुसती माती. ज्यांना अजूनही वाटतं की माझी भावजय बिसखोपड्यानं मेली, त्यांनी मे महिन्यात अवश्य यावं. पिल्लं निघाली तर दाखवू, नाही निघाली तर चहा पाजू. फक्त फाटकात प्रभाकर अडवेल, आणि तुम्ही नीट म्हटल्याशिवाय आत सोडणार नाही.